पहाटेचे गेटवे

गेटवे ऑफ इंडियाची सूर्योदयापूर्वीची छायाचित्रे देखणी असतात खरी. पण पुष्कळांत एक उणीव जाणवते. उजेड अपुरा, म्हणून कॅमेरा स्टँडवर बसवून शटर कित्येक सेकंद उघडे ठेवतात. दगड स्थिर, तो उमटतो. झाडूवाला, चहावाला, फिरायला निघालेले आजोबा मात्र चालता चालता पुसले जातात. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा येथे उतरले, त्याची ही आठवण. १९२४ साली ती खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची अखेरची पलटण याच कमानीतून गेली आणि कमान आपली झाली. चित्रातून माणसेच गेली, तर उरते ती बादशहाची कमान. तेव्हा छायाचित्रकारांनी थोडे थांबावे, उजेड वाढू द्यावा. आकाशाची निळाई किंचित उणावेल, पण चहावाला दिसेल.