पिशवीची शोभा आणि बांबूचा हक्क

मनुष्याची श्रीमंती त्याच्या कोठारावरून कळते; पण तो रोज बरोबर काय वागवितो, हें कळण्यास त्याची पिशवीच पाहावी लागते. आमच्या आजीच्या पिढीचा पैसा कनवटीला असे, पानसुपारी चंचींत, औषधें बटव्यांत, आणि वाटसरूच्या खांद्यावर दुतोंडी पडशी. यांतील एकही वस्तु केवळ मिरविण्याची नव्हती. तरी बटव्याचे गोंडे पाहिले म्हणजे ती शोभेला पारखी होती असेंही म्हणवत नाहीं. युरोपांत स्त्रियांचे खिसे घेरदार झग्याखालीं कमरेस बांधलेले असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस झगे सडपातळ झाले आणि खिशांची जागा हातांतल्या पिशवीनें घेतली. गरज आणि ऐट यांचें सख्य जुनेंच आहे.

हें आठवण्याचें कारण शहरांतील प्रदर्शनांतून मांडलेल्या बांबूच्या पर्सेस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील कसब म्हणून त्यांचें कौतुक होतें, व तें योग्यच आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं मोहफुलें वेचणारी बाई जी टोपली घेऊन जाते, तिच्या विणींतून ओल्या फुलांस वारा लागतो. कामाच्या सोयींतूनच आलेलें तें सौंदर्य आहे. आमचा आक्षेप इतकाच कीं, आपला रसिक विणीपाशींच थांबतो. कामटी कोणाच्या बांबूची, हें तो विचारीत नाहीं.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यानें बांबूची गणना वृक्षांत केली. टोपली विणणारा त्यामुळें आपल्याच रानांत परवानगीचा धनी झाला. १९४५ सालीं स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद-उद्योगाकडे मात्र या रानांतला बांबू लगद्यासाठीं जात राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज ठरवून त्यावर वनवासीयांची मालकी मान्य केली. २००९ सालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गावास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकून बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हातीं येण्यास एप्रिल २०११ उजाडावें लागलें. आणि मूळचें गवताच्या कुळांतील हें झाड वृक्षांच्या व्याख्येंतून वगळण्यास १९२७ च्या कायद्यास २०१७ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षें लागलीं!

याच रानांत दुसरी एक पिशवी आहे; तिला प्रदर्शनांत जागा नाहीं. तेंदूपत्त्याच्या व्यापारांत 'स्टँडर्ड बॅग' हें माप चालतें. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक बॅग. म्हणजे सत्तर हजार पानें. ही बॅग कोणी खांद्यास लावीत नाहीं, पण तिच्या दरावर कितीएक घरांचा उन्हाळा अवलंबून असतो.

कोणी म्हणेल, सौंदर्य पाहतांना हा हिशेब कशास? वस्तूच्या रूपाचा आनंद स्वतंत्र असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु चित्राचा रंग दुकानांत मिळतो. टोपलीचा बांबू रानांत मिळाला तरच टोपली होते. कच्चा माल तुटला कीं कसबही एका पिढींत तुटतें, आणि मग उरते ती प्रदर्शनांतील नक्कल. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हां विसरलेली कापडी पिशवी पुष्कळ घरांतून पुन्हा खुंटीवर आली. ती हातांत घेतांना जी आपुलकी वाटली, तिचा कांहीं अंश टोपली विणणाऱ्या हाताच्या हक्काकडेही वळावा. आमच्या मतें खरी रसिकता तेथूनच सुरू होते.