लाकूड कुणाचं, बांबू कुणाचा?

लकडगंजातून गाडीवर जाताना आधी भुशाचा वास येतो, मग आरा मशीनचा आवाज. पूर्व नागपूरच्या या बाजारामुळे लाकूड आणि पुढारी म्हटलं की माझ्या डोक्यात एकच चित्र यायचं: ठेका, परवाना, ओळखपाळख. म्हणजे राजकारण वर चालतं आणि लाकूड खालून निघतं.

मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकाने ते चित्र उलटं केलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क हातात येऊनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे होता. १९२७च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं, २००६च्या वनहक्क कायद्यात तोच गौण वनोपज. एका शब्दापायी गावाचा माल अडला. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. अख्खं गावच व्यापारी झालं.

‘शाळा’ लिहिणाऱ्या लेखकाला देवाजी तोफा यांच्यासारख्या नेत्याची चटकदार नायककथा सहज रचता आली असती. पण पुस्तकाच्या नावातच नायक नाही, गाव आहे, आणि ते योग्यच आहे. मेंढ्यात बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाला पटलं नाही तर थांबायचं, अभ्यासगटात पुन्हा बोलायचं. आपल्याला सवय असलेल्या राजकारणापेक्षा हे फार संथ आहे. पण परवाना मिळेपर्यंत गाव टिकलं ते या संथपणामुळेच, असं मला वाटतं.

माझी तक्रार पुस्तकापेक्षा आपल्या वाचण्याबद्दल आहे. आपण अशा पुस्तकावर ‘प्रेरणादायी’ असा शिक्का मारतो आणि ते कपाटात ठेवून देतो. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी नागपूरचं सागवान गेलं, तेव्हा आम्ही नागपूरकरांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. मीही ठेवलं. ते लाकूड कुणाच्या जंगलातलं, विकलं कुणी, पैसा कुठे गेला, हे मी विचारलंच नाही. वनहक्क कायद्याने गावाला बांबू, तेंदूपत्ता, मोह दिला. सागवान गौण वनोपजात मोडत नाही. म्हणजे गावाने जंगल राखायचं, पण त्यातलं सगळ्यात महाग झाड विकायचा अधिकार मात्र दुसऱ्याचा.

मेंढ्याची गोष्ट संपलेली नाही, ती बांबूपाशी येऊन थांबली आहे. पुस्तक मिटल्यावर लकडगंजातून पुन्हा गेलो. सागवानाच्या थप्प्या तिथेच होत्या. पहिल्यांदाच वाटलं, यांचा परवाना कुणाच्या नावाचा असेल?