पंचवीस मिनिटांचा तास

शाळेतला तास साठ मिनिटांचा नसतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पस्तीस मिनिटांचा असो की चाळीस, आपण त्याला तासच म्हणतो. उरलेली मिनिटं कुठे जातात, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. वह्या तपासणं, उद्याचा धडा काढणं, एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे चालत जाणं यांत ती जातात, आणि महिन्याच्या पगारात ती धरलेली असतात. ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या कंपन्यांनी तास पंचवीस मिनिटांचा केला आणि ही उरलेली मिनिटं हिशेबातून काढून टाकली. या धंद्याची जी भाषा आहे, ती मुख्यतः ही वजाबाकी दिसू नये म्हणून बनलेली आहे.

सर्वांत गाजलेलं उदाहरण घेऊ. व्हीआयपीकिड ही कंपनी 2013 साली बीजिंगमध्ये सुरू झाली. पदवी असलेल्या अमेरिकन आणि कॅनेडियन शिक्षकांनी घरी बसून चिनी मुलाला एकास-एक शिकवायचं, ही तिची कल्पना. भर जोमात असताना तिच्याकडे लाखो विद्यार्थी आणि हजारो शिक्षक होते. मूळ दर एका तासाला साधारण 7 ते 9 डॉलर, वर काही प्रोत्साहनपर रक्कम. जाहिरातीत मात्र आकडा असे ताशी 14 ते 22 डॉलरचा. इथे 'ताशी' म्हणजे घड्याळाचा तास. पण त्या घड्याळी तासात लागोपाठ दोन वर्ग भरतील, याची हमी कुणी देत नव्हतं. शिक्षकाने वेळा मोकळ्या ठेवायच्या आणि पालकांनी त्या निवडल्या तरच पैसे. प्रत्येक वर्गानंतर मुलाच्या प्रगतीबद्दल लिहायचा अभिप्राय, आधीची तयारी, हातात धरायच्या बाहुल्या नि चित्रं हे सगळं दरात आलंच, असं गृहीत.

करारात या शिक्षकाला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटलेलं असतं. हा शब्द जरा थांबून वाचायला हवा. आपल्या घराला रंग लावणारा कंत्राटदार भाव स्वतः सांगतो, काम कसं करायचं ते ठरवतो, आणि आपल्याशी पटलं नाही तर शेजाऱ्याचं काम धरतो. इथे दर कंपनीचा. पडद्यावरची पानं कंपनीची, ती कोणत्या क्रमाने न्यायची तेही ठरलेलं. विद्यार्थीही कंपनीचाच, कारण त्याच्याशी परस्पर संपर्क ठेवायचा नाही. वर पालकांनी पाचपैकी किती सफरचंदं दिली यावर शिक्षकाची पत. मग स्वातंत्र्य उरतं कशात? आजारी पडल्यावर पैसे न मिळण्यात, आणि करात. अमेरिकेत नोकरदाराचा सामाजिक सुरक्षेचा आणि मेडिकेअरचा कर निम्मा तो भरतो, निम्मा मालक, प्रत्येकी 7.65 टक्के. स्वतंत्र कंत्राटदाराला दोन्ही वाटे, म्हणजे 15.3 टक्के, स्वतःच भरावे लागतात.

दुसरा लाडका शब्द 'सोयीची वेळ'. चिनी मूल शाळा आटपून संध्याकाळी सातला बसतं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे सात आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे चार वाजलेले असतात. हिवाळ्यात अमेरिकेची घड्याळं मागे जातात, चीनची जात नाहीत, म्हणून आणखी एक तास लवकर उठायचं. त्या वेळी ताजंतवानं हसत, हातवारे करत सहा वर्षांच्या मुलाला 'ॲपल' म्हणायला लावायचं. सोय खरी होती, पण ती बीजिंगच्या संध्याकाळीची.

तरीही शिक्षकांना फसवून गोळा केलं, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. लहान मुलं घरात असलेल्या आया, गावात दुसरं काम नसलेले लोक, आणि शाळेत नोकरी करूनही न भागणारे शिक्षक यांना या कामाने खरा आधार दिला. 2018 साली वेस्ट व्हर्जिनिया, ओक्लाहोमा, ॲरिझोना इथले शाळाशिक्षक पगारासाठी रस्त्यावर आले होते, ते आठवलं की पहाटे चारला कॅमेऱ्यासमोर कोण बसतं आणि का, हे कळतं. एका ठिकाणच्या तुटपुंज्या पगारावर दुसरीकडची 'लवचीकता' उभी राहते.

राष्ट्रीयत्व बदललं की दरही बदलतो. जपानची रेअरजॉब आणि चीनची फिफ्टीवनटॉक या कंपन्या फिलिपिन्समधल्या शिक्षकांवर वाढल्या. तिथेही पंचवीस मिनिटांचाच वर्ग, घरातलंच इंटरनेट, स्वतःचाच हेडफोन, आणि मोबदला अमेरिकन शिक्षकापेक्षा कितीतरी कमी. शिकवण्यातला फरक त्यामागे असतोच असं नाही. पारपत्राला किंमत आहे. 'इंग्रजी मातृभाषा असलेला' हा शब्द वरवर भाषेचा वाटतो. प्रत्यक्षात ती देशांची यादी असते, आणि तिच्यात भारताचं नाव सहसा नसतं.

जुलै 2021 मध्ये चीन सरकारने शिकवणी-उद्योगावर कडक निर्बंध आणले. देशाबाहेर राहणाऱ्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेण्यावरही बंदी आली. मुलांवरचा आणि पालकांवरचा भार कमी करणं हा सांगितलेला हेतू, आणि तो पोकळ होता असं नाही. ऑगस्टमध्ये व्हीआयपीकिडने चिनी पालकांना परदेशातल्या शिक्षकांचे नवे तास विकणं थांबवलं. शिक्षक नोकर नव्हतेच, त्यामुळे नोटीस कसली नि भरपाई कसली. ज्या मुलाला तीन-तीन वर्षं शिकवलं, त्याचा पत्ता शिक्षकाजवळ नव्हता. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ त्या महिन्यात सगळ्यांना एकदम कळला.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत 'तासिका तत्त्वावर' शिकवणारे प्राध्यापक वर्षानुवर्षं हाच हिशेब जगत आहेत: शिकवलेल्या तासिकेचे पैसे, सुट्टीचे नाहीत. त्यासाठी सफरचंदांचीही गरज पडली नाही. म्हणून तंत्रज्ञानाला दोष देऊन सुटता येणार नाही. शिक्षकाचं काम वर्ग सुरू होताना सुरू होतं आणि संपताना संपतं, हे एकदा मान्य केलं की पुढचा करार कुणीही लिहू शकतो. वाद दराचा आहेच, पण त्याआधी तो तासाचा आहे: त्यात किती मिनिटं धरायची, आणि ती कुणी मोजायची.