रेषांच्या जाळीतील मौन

हॉवर्ड क्रूझ यांची ‘स्टक रबर बेबी’ (१९९५) ही चित्रकादंबरी १९६० च्या दशकातील अमेरिकी दक्षिणेतल्या क्लेफील्ड या कल्पित नगरात घडते. गोरा टोलंड आपली समलिंगी ओढ दडवण्यासाठी जिंजरच्या प्रेमाचा आधार घेतो. कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा येथे गोऱ्या नायकाच्या आत्मशोधाची पार्श्वभूमी ठरतो काय, असा आक्षेप संभवतो. परंतु निवेदक आहे तो प्रौढ टोलंड. तो तरुणपणीच्या भित्रेपणाची सफाई देत नाही. लढ्यातील माणसांच्या निर्भयतेसमोर त्याचे मौन अधिकच उघडे पडते. आडव्यातिडव्या रेषांनी दाट विणलेल्या चौकटींत चेहरे गर्दीतही एकाकी भासतात. लपणे ही दमनव्यवस्थेची निर्मिती असली, तरी त्याची किंमत जिंजरसारख्यांनाही मोजावी लागते, हे या कादंबरीचे मर्म होय.