'घरबसल्या' समुपदेशन

मनांतील सल परक्या माणसापाशीं बोलावा कीं नाहीं, याविषयीं आपल्या समाजांत पूर्वापार दोन मतें आहेत. घरचें दुःख उंबऱ्याबाहेर जाऊं नये, हें एक. आणि आप्तांपाशीं जें बोलवत नाहीं तें तिऱ्हाइतापाशीं सहज बोलतां येतें, हें दुसरें. अलीकडे दूरध्वनीवरून अगर संगणकाच्या पडद्यावरून प्रौढ स्त्रीपुरुषांस मानसोपचार देणारे अनुभवी समुपदेशक पुढें आले आहेत. त्यांचा सारा भरंवसा या दुसऱ्या मतावर आहे. त्यांच्या जाहिरातींत मात्र एक शब्द हटकून आढळतो : 'घरबसल्या'. प्रस्तुत लेखांत मुख्यतः या एका शब्दाचीच परीक्षा करावयाची आहे.

परोक्ष सल्ल्याची प्रथा मराठी वाचकास अगदींच नवी नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ च्या जुलैंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें नेटानें चालविलें. कामजीवनाविषयींच्या ज्या शंका घरच्या वैद्यालाहि विचारण्याचा धीर होत नसे, त्या वाचक कर्व्यांस पत्रानें विचारीत आणि कर्वे त्यांस मासिकांतून उत्तरें देत. या उत्तरांबद्दलच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली, तरीहि शिक्षा टळली नाहीं. उत्तर देणाऱ्यास प्रश्नकर्त्याचें तोंड दिसत नव्हतें, म्हणूनच प्रश्नकर्त्याची भीड चेपत होती, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु पत्राला उत्तर मिळालें कीं बहुधा संवाद तेथेंच थांबे. समुपदेशनाचा प्राण तर पुनःपुन्हा होणाऱ्या संभाषणांत आहे. एकाच माणसानें आठवड्यामागून आठवडे आपलें बोलणें ऐकावें, मागें काय बोललों त्याची आठवण ठेवावी आणि योग्य वेळीं ती आपणांस करून द्यावी, हें छापील उत्तराला साधणें शक्य नव्हतें. आजच्या पडद्यानें ही उणीव भरून काढली, हें निःशंकपणें मान्य केलें पाहिजे.

सोयीचा मुद्दाहि पोकळ नाहीं. भाईंदर पूर्वेचें गोडदेव हें एके काळचें खेडें. आज तें मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या दाट वस्तींत मिसळून गेलें आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्था ठाण्यास आहे. गोडदेवच्या माणसास तेथें आगगाडीनें जावयाचें तर बहुधा प्रथम दादर गांठावें लागतें आणि गाडी बदलून पुन्हा उत्तरेकडे यावें लागतें. सडकेनें जावें तर घोडबंदरच्या रस्त्यावरील गर्दी आहेच. ज्याला सकाळीं अंथरुणांतून उठण्याचीच उमेद राहिली नाहीं, त्याला हा प्रवास उपचाराहून जड वाटल्यास नवल नाहीं. टाटा समाजविज्ञान संस्थेनें २०१२ सालीं 'आयकॉल' ही सेवा दूरध्वनि व ई-पत्र यांच्या द्वारें सुरू केली. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र मिळते, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें. अशा सेवांनीं अनेकांचा हा प्रवास वांचविला असेल यांत संशय नाहीं.

आतां 'घरबसल्या' या शब्दाकडे वळूं. गोडदेवांतील एका खोलीचें व स्वयंपाकघराचें बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. बाहेरच्या खोलींत सासरे बातम्या ऐकत आहेत, मुलगा अभ्यासास बसला आहे, भिंतीपलीकडे शेजार आहे. अशा घरांतील सून समुपदेशकापाशीं काय बोलणार? ती बहुधा 'ठीक आहे', 'झोप लागते' एवढेंच म्हणेल. कारण जिच्याविषयीं बोलावयाचें ती व्यक्ति दाराशींच उभी असण्याचा संभव आहे. घर म्हणजे एकांत, असें ज्यांनीं गृहीत धरलें त्यांनीं आमच्या वस्त्यांतील घरें पाहिलेलीं दिसत नाहींत. पत्र निदान घर निजल्यावर लिहितां येत असे. बोलणें मात्र भिंतीला ऐकूं जातें. अशीं माणसें मग इमारतीच्या गच्चीचा किंवा जिन्याचा आसरा शोधतात. जो समुपदेशक पहिल्याच भेटींत 'आपण कोठें बसलां आहांत? जवळ कोण आहे?' असें विचारतो, आणि बोलणें अशक्य असल्यास लिहून सांगण्याची मुभा देतो, त्याला आपलें काम समजलें असें म्हणावें.

दुसरी कसोटी भाषेची. आपल्याकडचा प्रौढ मनुष्य 'मला नैराश्य आलें आहे' असें क्वचितच म्हणतो. 'छातींत धडधडतें', 'जीव घाबरतो', 'कशांत लक्ष लागत नाहीं', अशी शरीराचीच तक्रार तो करतो. पडद्यावर चेहरा दिसतो, पण हातांची चुळबुळ व पायांची अस्वस्थता चौकटीबाहेर राहते. म्हणून दूरस्थ समुपदेशकास शब्दांचा कान अधिक तीक्ष्ण ठेवावा लागतो. ज्याचें सारें ज्ञान इंग्रजी संज्ञांत अडकलें आहे त्याला 'जीव घाबरतो' यांतील व्यथा निसटून जाण्याची भीति आहे.

तिसरी कसोटी मर्यादेची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. पण कायदा खोलीचें दार लावून घेऊं शकत नाहीं. शिवाय जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार ज्याच्या मनांत आला आहे, त्याचा पत्ता व जवळच्या एका विश्वासू माणसाचा क्रमांक आरंभींच घेऊन ठेवला नसेल, तर संकटाच्या वेळीं समुपदेशक मैलोगणती दूर हतबल बसतो. भ्रम किंवा भास होत असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणें हेंच त्याचें कर्तव्य. 'हें माझ्या आवांक्यांतलें नाहीं' असें वेळींच सांगणें हाहि अनुभवाचाच एक भाग आहे.

तात्पर्य, दूरस्थ समुपदेशन त्याज्य नाहीं. जेथें दुसरी वाटच नाहीं तेथें तें मोठें वरदान आहे. परंतु त्याचें मोल सोयीवरून ठरवूं नये. गोडदेवच्या त्या सुनेला आठवड्यांतून एक तास मनमोकळें बोलतां आलें काय, एवढ्यावरूनच तें ठरावें. आणि तो तास तिला मिळवून देणें हें समुपदेशकाइतकेंच तिच्या घरच्या माणसांचेंहि काम आहे. त्यांनीं त्या वेळेपुरतें खाली फिरून यावें. दार ओढून घ्यावें. आणि परतल्यावर 'काय बोललीस?' असें विचारूं नये.