कापलेला घेर : जुन्या लष्करी कोटांचे वाचन

जुने लष्करी कोट जमवणाऱ्यांची एक ठरलेली प्रतवारी असते. कोठारातून थेट बाजारात आलेला, कुणाच्याही अंगावर न चढलेला कोट पहिल्या प्रतीचा. थोडा वापरलेला, पण शिवण, अस्तर आणि बटणे शाबूत असलेला दुसऱ्या प्रतीचा. विरलेला, ठिगळ लावलेला, कापून आखूड केलेला कोट शेवटचा. तो बटणे काढून घेण्यापुरता विकत घेतला जातो. गेली वीसेक वर्षे मीही याच प्रतवारीने कोट पाहत आलो. माझ्याकडे फार कोट नाहीत. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि परदेशातून येता-जाता कुणी आणून दिलेले, असे मिळून सात. पण सातही पुन्हा पुन्हा उलगडून पाहिल्यावर माझे मत बदलले, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ही प्रतवारी जतनासाठी ठीक आहे, पण अर्थासाठी उलटी आहे. कोरा कोट कोरा राहिला, कारण तो कोठारातच राहिला. जो खंदकात, बर्फात, पहाऱ्यावर उभा राहिला तो बहुतेक वेळा उरलाच नाही. त्यामुळे दोन देशांचे कोरे कोट शेजारी ठेवून आपण जी तुलना करतो, ती दोन सैनिकांची नसते. दोन कोठारांची असते.

कापड

तुलनेआधी कापड समजून घ्यायला हवे. लष्करी कोटाचे कापड नुसते विणलेले नसते. विणल्यावर ते ओले करून, कुटून, दाबून आटवतात. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि कापड इतके घट्ट होते की वीण दिसेनाशी होते. अशा कापडातून वारा शिरत नाही आणि कापलेल्या कडेचे दोरेही सहज सुटत नाहीत. अमेरिकी सैन्याच्या १९३९ च्या ओव्हरकोटाला ३२ औंस वजनाचे मेल्टन कापड लावत, ते याच जातीचे.

लोकरीचा दुसरा गुण म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा ती हाताला ओली न लागता शोषून घेते. आपल्याकडच्या मेंढपाळांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. चिंचोक्याची खळ देऊन सनगरांनी विणलेली घोंगडी अंथरायला, पांघरायला आणि पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायला, अशी तिन्ही कामांना येते. पण या गुणालाही मर्यादा आहे. लोकर एकदा पुरती भिजली की पाणी सोडता सोडत नाही. एका पावसाळ्यात माझा एक कोट गॅलरीत राहून गेला. उचलताना दोन्ही हात लागले आणि पुरता वाळायला आठवडा गेला. पुढचे सगळे म्हणणे या भिजलेल्या वजनाशी जोडलेले आहे.

घेर

कोटाचा सगळ्यात बोलका भाग म्हणजे गुडघ्याखालचा घेर. संग्राहक कॉलर पाहतात, बटणे पाहतात, आतला शिक्का शोधतात. ब्रिटिश कोटावरचा सरकारी बाण सापडला की समाधान होते. घेराकडे फारसे कुणी पाहत नाही. मी तीन देशांचे घेर तुलनेला घेतो.

फ्रेंच पायदळ १९१४ मध्ये १८७७ च्या नमुन्याचा निळसर करडा, दुहेरी छातीचा 'कापोत' घालून लढाईवर गेले. त्याच्या घेराची पुढची दोन्ही टोके मागे वळवून बटणाने अडकवता येत, म्हणजे चालताना गुडघे मोकळे. कोट लांब असणार आणि सैनिक चालणार, ही दोन्ही गृहीतके त्या दोन बटणांत आहेत. पुढे याच कोटाचा एकेरी छातीचा, शिवायला सोपा नमुना पॅरिसचा नामांकित वेषकार पॉल प्वारे याने काढला. फॅशनच्या जगातला माणूस लष्करासाठी बसला तेव्हा त्याने काही सजवले नाही. कापड आणि शिवणीचे तास वाचवले.

रशियन आणि पुढे सोव्हिएत सैनिकाच्या शिनेलचे तत्त्व वेगळे. साध्या सैनिकाचा शिनेल पुढे बटणांनी नव्हे, आकड्यांनी बंद होतो. पाठीवर खोल चुणी आणि तिला आवळणारा अर्धा पट्टा. तो सोडला की कोट पसरून पांघरूण होतो. निम्मा खाली, निम्मा वर. दिवसा तो गुंडाळून, टोके बांधून खांद्यावरून तिरपा घालत. घोंगडी खांद्यावर टाकून निघालेला आपला धनगर पाहिलेल्याला ही सोय समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या घेराला मात्र दुमडच नाही. खालची कड कच्ची, नुसती कापलेली. कापड आटवलेले असल्याने दोरे सुटत नाहीत, आणि जमिनीपासून ठरलेली उंची राखण्यासाठी कोट सैनिकाच्या अंगावरच कातरता येतो. हे न कळल्याने विक्रेते या कोटांना 'खराब किनार' म्हणतात. मी घेतलेल्या एका शिनेलला कुणीतरी मायेने तुरपाई करून दिली होती. कोट नीट झाला आणि त्याचा पुरावा गेला.

तिसरा घेर ब्रिटिश. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या चिखलात ब्रिटिश सैनिकांच्या लांब कोटांनी पाणी आणि माती इतकी उचलली की चालणे मुश्कील झाले. अनेकांनी खिशातल्या चाकूने घेर कापून टाकला. सरकारी मालाची नासधूस हा लष्करात गुन्हा असतो, तरीही कापला. सरकारलाही पुढे बकऱ्याच्या कातड्याची आखूड बंडी आणि नंतर बिनबाह्यांचे चामडी जाकीट द्यावे लागले.

म्हणजे घेर तिघांचाही मोकळा करावा लागला. एकाने तो बटणाने वळवला, एकाने तो कच्चाच ठेवला, एकाच्या सैनिकाने तो चाकूने छाटला. पहिल्या दोन ठिकाणी कोट बेतणाऱ्याने सैनिकाच्या गुडघ्याचा विचार आधी केला होता. तिसऱ्या ठिकाणी तो सैनिकालाच करावा लागला. प्रतवारीच्या कोष्टकात हा फरक दिसत नाही. तिथे वळवता येणारा घेर 'उत्तम', कच्चा घेर 'सदोष' आणि छाटलेला घेर 'निकामी'.

साहित्याच्या वाचकाला इथे गोगोल आठवेल. त्याच्या १८४२ च्या कथेचे रशियन नाव 'शिनेल' हेच आहे. सरकारी कारकुनाचा कोटही त्याच शब्दाने ओळखला जाई. त्या कथेतला शिंपी पेत्रोविच जुना कोट टेबलावर पसरतो, उजेडासमोर धरतो, कुठे विरला आहे ते पाहतो आणि मान हलवतो. पाठ आणि खांदे जाळीसारखे झालेले असतात, कारण तिथेच वारा लागतो. माझ्या मते कोट वाचण्याची खरी रीत हीच. तो कुठे कोरा राहिला हे पाहायचे नाही. कुठे झिजला ते पाहायचे.

चिंधी

झीज पाहायची तर कापडाच्या दर्जाकडेही तसेच पाहावे लागते. जर्मन कोटाचे उदाहरण घ्या. १९३६ चा नमुना गडद हिरव्या कॉलरचा. १९४० पासून कॉलरही कोटाच्याच करड्या रंगाची झाली. १९४२ मध्ये ती रुंद केली, कारण रशियातल्या पहिल्या हिवाळ्याने मान आणि कान उघडे राहण्याची किंमत शिकवली होती. म्हणजे नमुना सुधारत गेला. पण त्याच वर्षांत कापडातली नवी लोकर कमी होत गेली. पुन्हा कातलेली जुनी लोकर आणि रेयॉन वाढत गेले. संग्राहक या बदलाला 'उशिराच्या काळातला हलका माल' म्हणून खालची प्रत देतात. मला तो त्या कोटातला सर्वांत खरा मजकूर वाटतो. कागदावरचा नमुना सरकारची इच्छा सांगतो, कापड सरकारची ऐपत सांगते.

जुन्या लोकरीच्या चिंध्या फाडून, पुन्हा कातून कापड करण्याचे तंत्र यॉर्कशरमधल्या बॅटली इथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने रूढ केले. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. अमेरिकी यादवी युद्धात १८६१ मध्ये अशा कापडाचे गणवेश पावसात विरघळू लागले आणि 'शॉडी' हा शब्द इंग्रजीत निकृष्टपणाचा झाला. आज जगातला हा धंदा मोठ्या प्रमाणावर आपल्या पानिपतात चालतो. युरोप-अमेरिकेतले टाकलेले लोकरी कपडे तिथे येतात. बटणे, अस्तर काढून रंगांप्रमाणे ढीग लागतात आणि त्यांचे जाड सूत होते. आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त करड्या घोंगड्या बऱ्याचदा त्याच सुताच्या असतात. जो कोट संग्रहात येत नाही तो इथे येतो. कोटाचे पुष्कळदा होणारे मरण हेच आहे, आणि संग्राहकांच्या पुस्तकांत त्याला पान नाही.

नसलेला कोट

इथवर मी असलेल्या कोटांबद्दल बोललो. तुलनेचा सर्वांत कठीण भाग नसलेल्या कोटाचा आहे आणि तो आपल्याला जवळचा आहे.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे हिंदी सैनिक मार्सेयला उतरू लागले ते सुती खाकी कपड्यांत. ऑक्टोबरमध्ये ते खंदकात गेले. गरम कपडे तुकड्या-तुकड्यांनी, उशिरा पोहोचले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते याच इटलीच्या मोहिमेत. या वेळी अंगावर लोकर होती. पण सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या माणसाला तो हिवाळा कसा लागला असेल, हे त्या कोटांच्या कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

आणि १९६२. नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून उंचावर उभ्या राहिलेल्या सातव्या ब्रिगेडच्या अनेक जवानांकडे उन्हाळी सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट होते. ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी यांनी 'हिमालयन ब्लंडर' या १९६९ च्या पुस्तकात ही अवस्था लिहून ठेवली आहे. समोरच्या चिनी सैनिकांकडे रुईभरल्या जाड कोटांचे पोशाख होते. त्यानंतर देशभर घराघरांत जवानांसाठी स्वेटर विणले गेले. आमच्या पिढीने ही गोष्ट आईकडून अभिमानाने ऐकली आहे आणि तो अभिमान खोटा नाही. पण डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने पूर्व आघाडीसाठी नागरिकांकडून लोकरी आणि फरचे कपडे मागितले, त्याला इतिहासकार सरळ सरकारच्या नियोजनाचा पराभव म्हणतात. आक्रमण करणारा आणि सीमा राखणारा यांची बरोबरी मी करत नाही. एवढेच म्हणतो, की घरची लोकर आघाडीवर जाते तेव्हा कोठारात काय नव्हते हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारला पाहिजे. विणलेल्या स्वेटराचे कौतुक करताना न दिलेला कोट विसरणे, हीसुद्धा एक प्रतवारीच आहे.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप येईल : झिजलेल्या कोटाला मान दिला तर नवे वेड सुरू होणार नाही का? होईल, झालेही आहे. गोळीचे भोक असलेल्या कोटाला आज जास्त पैसे मिळतात, म्हणून भोके पाडली जातात. त्यामुळे माझा आग्रह जखमेचा नाही, दुरुस्तीचा आहे. भोक खोटे पाडता येते. एकावर एक घातलेले, वेगवेगळ्या दोऱ्यांचे, वेगवेगळ्या हातांचे टाके खोटे घालण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

आणि त्या टाक्यांकडूनही मर्यादेबाहेर काही वदवून घेऊ नये. जुन्या बाजारात मला मिळालेला एक ब्रिटिश कोट गुडघ्यावर वाकडातिकडा कापलेला आहे. आत सरकारी बाण आहे, साल पुसले आहे. अनेक महिने मी मनाशी धरून होतो की हा घेर आघाडीवर कापला गेला. शेवटी तो माझ्या ओळखीच्या एका वयस्कर शिंप्याकडे नेला. त्याने तो टेबलावर पसरला, कड बोटांनी चाचपली.

"साहेब, हे कात्रीचं काम नाही. पात्याने कापलंय, घाईत."

मी विचारले, "मास्तर, लढाईत कापला असेल?"

तो हसला. "वॉचमनने सायकल चालवताना अडकतो म्हणूनही कापला असेल. आमच्या पेठेतला रात्रीचा वॉचमन असाच मिलिटरीचा कोट घालायचा."

त्याचे बरोबर होते. छावण्यांतून मोडीत निघालेले कोट हमालांनी, पहारेकऱ्यांनी, गाडीवानांनी वर्षानुवर्षे वापरले आणि तेही आपापल्या गुडघ्यांसाठी कापले. मला सैनिक हवा होता, म्हणून वॉचमन दिसला नाही.

तेव्हापासून प्रत्येक कोटाच्या कार्डावर प्रतीऐवजी मी तीन नोंदी करतो : कुठे झिजला, कुणाच्या तरी हाताने काय बदलले, आणि कापडात काय आहे. चौथी जागा जे ठरत नाही त्यासाठी मोकळी ठेवतो. कापलेल्या कोटाच्या कार्डावर ती मोकळीच आहे. मास्तरांनी खाली पट्टी जोडून घेर पूर्ववत करून देतो म्हटले होते. मी कोट तसाच घरी आणला.