उपयोगितेच्या तक्त्यातले आकडे कोठून आले?

उच्च माध्यमिकच्या अर्थशास्त्राच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी संत्री खात असतो. पहिल्या संत्र्यापासून त्याला १० एकक उपयोगिता मिळते, दुसऱ्यापासून ८, तिसऱ्यापासून ६, मग ४, मग २. सहावे संत्रे शून्यावर येते आणि सातवे खाल्लेच तर उणे २. फळ्यावर तीन रकाने आखले जातात, आलेख निघतो आणि ‘घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त’ ही अक्षरे अधोरेखित होतात. पुस्तकागणिक फळ बदलते, आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तक्ता तोच. एकदा आमच्यासमोरच एका मुलीने विचारले, “सर, हे १० कोणी मोजले?” सर म्हणाले, “अगं, समजा म्हटलंय ना!” वर्ग हसला, तास पुढे गेला. आम्हाला मात्र तो प्रश्न त्या सबंध पाठाहून मोलाचा वाटला.

विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न टाळता येत नाही. तापमान ४० अंश लिहिले की तापमापी दाखवावी लागते. उपयोगितेची तापमापी कोठे आहे? हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही पडला होता. एजवर्थ यांनी १८८१ सालच्या आपल्या पुस्तकात सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. माणसाला क्षणोक्षणी किती सुख होते याची नोंद ते करील, असे ते यंत्र होते. ते अर्थातच कागदावर राहिले. त्यांच्या आधी, १८७१ मध्ये, जेव्हन्स यांनी सीमान्त उपयोगितेवर सारी मांडणी उभी केली. पण एका माणसाच्या मनातील भावनेची दुसऱ्याच्या मनातील भावनेशी तुलना करण्याचा मार्ग आपल्याला दिसत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. पाठ्यपुस्तकांनी तक्ता उचलला आणि ही कबुली वगळली, ही आमची पहिली तक्रार.

तक्त्यामागची कल्पना टाकाऊ आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, आणि हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही तरी तो महाग, हे अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडलेले कोडे ‘एकूण’ आणि ‘सीमान्त’ असा भेद केल्यावरच नीट सुटले. किंमत ठरते ती सगळ्या पाण्यावरून नव्हे, आणखी एका तांब्याच्या गरजेवरून. दुष्काळी गावातल्या मुलाला हे एका वाक्यात कळते. त्याला १०, ८, ६ लागत नाहीत.

अडचण आकड्यांची आहे. विज्ञानशिक्षकांना परिचित असलेले एक उदाहरण घेऊ. खनिजांच्या काठिण्याच्या मोस श्रेणीत शंखजिरे १ वर, जिप्सम २ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर असतो. म्हणून हिरा जिप्समच्या पाचपट कठीण आहे असे कोणी म्हणत नाही. कोण कोणावर ओरखडा काढतो एवढेच हे आकडे सांगतात. कुरुंद आणि हिरा यांत एकाच अंकाचा फरक आहे, पण प्रत्यक्षातली दरी फार मोठी आहे. हे आकडे क्रमवाचक आहेत, त्यांची वजाबाकी करायची नसते. सीमान्त उपयोगिता मात्र मुळातच वजाबाकी आहे.

ही वजाबाकी किती नाजूक आहे हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. वरच्या तक्त्यात पाच संत्र्यांपर्यंतची एकूण उपयोगिता १०, १८, २४, २८ आणि ३० अशी होते. आता प्रत्येक आकड्याचा वर्ग करा: १००, ३२४, ५७६, ७८४, ९००. क्रम बदलला का? नाही. पहिल्या तक्त्यातला मुलगा जे जे निवडील ते ते दुसऱ्या तक्त्यातलाही निवडील. दुकानदाराला दोघांत काडीचा फरक दिसणार नाही. पण आता सीमान्त उपयोगिता काढा: १००, २२४, २५२, २०८, ११६. ती आधी वाढते आणि मग घटते! वागणूक तीच, पण एका तक्त्यात ‘सिद्धान्त’ पहिल्या घासापासून खरा आणि दुसऱ्यात तिसऱ्या संत्र्यापर्यंत खोटा. मग तो सिद्धान्त माणसाविषयी काही सांगत होता की आपण निवडलेल्या आकड्यांविषयी?

पॅरेटो यांनी १९०६ च्या ग्रंथात क्रमावरच भर दिला. हिक्स आणि अॅलन यांनी १९३४ मध्ये मागणीचा सिद्धान्त उपयोगिता न मोजता, केवळ पसंतीक्रमावरून उभा करून दाखवला. सॅम्युअलसन १९३८ मध्ये आणखी पुढे गेले: मनात डोकावूच नका, माणूस कोणत्या किमतीला काय निवडतो तेवढे पाहा. १९४४ मध्ये फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी सोडतीसारख्या अनिश्चित निवडींवरून पुन्हा आकडे काढण्याची रीत दिली खरी. पण ते आकडेही त्या एका माणसापुरते. हा सारा इतिहास पुष्कळ पुस्तकांत समवृत्ती वक्रांच्या वेगळ्या प्रकरणात येतो, आणि आधीच्या प्रकरणातला तक्ता त्याने निकालात काढला आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. दोन्ही प्रकरणे पाठ, दोन्हींना गुण.

अपवादांची यादी हा तर स्वतंत्र विनोद आहे. दारुडा, कंजूष, छांदिष्ट, सत्तेचा लोभी आणि शेवटी खुद्द पैसा! प्रत्येकापुढे ‘हा खरा अपवाद नव्हे’ अशी मखलाशीही असते. नियमाविरुद्ध जाणारा प्रत्येक माणूस ‘विवेकी नाही’ म्हणून बाहेर काढायचा आणि उरलेल्यांवर नियम सिद्ध झाला म्हणायचे, ही रीत पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोगवहीत चालवून घेतली असती का?

तक्त्याऐवजी काय करावे? मुलांना अदलाबदल करू द्यावी. प्रत्येकाजवळ कागदी संत्री आणि पेरू द्यावेत आणि विचारावे: आणखी एका संत्र्यासाठी किती पेरू सोडशील? संत्री वाढत जातात तसे उत्तर कसे बदलते ते लिहून घ्यावे. हे मोजता येते, आणि आकड्यांचा वर्ग केल्याने ते बदलत नाही. दुसरा प्रयोग खऱ्या वस्तूचा. अर्ध्या वर्गाला एकेक पेन द्यावे. ज्यांना मिळाले त्यांनी ते कितीला विकू हे चिठ्ठीवर लिहावे, ज्यांना मिळाले नाही त्यांनी कितीला घेऊ ते लिहावे. कानेमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगांत कॉफीच्या मगाला विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. मग वाटले होते ते चिठ्ठ्या टाकाव्या तसे. दोन्ही गटांच्या आवडीत मुळात फरक असण्याचे कारण नव्हते. वस्तू हातात आली एवढ्यानेच पसंती बदलली. तेव्हा पसंती मनात आधीच तयार असते आणि बाजारात फक्त प्रकट होते, हेही गृहीत धरायला नको.

इथपर्यंत शास्त्र काटेकोर होत गेले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. पिगू यांनी १९२० मध्ये कल्याणाच्या अर्थशास्त्रात घटत्या उपयोगितेवरून असे मांडले होते की श्रीमंताच्या उत्पन्नातला भाग गरिबाकडे गेला, आणि त्याने एकूण उत्पादन घटले नाही, तर समाजाचे एकूण समाधान वाढते. रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये यावर बोट ठेवले: दोन माणसांच्या समाधानाची तुलना विज्ञानाने सिद्ध होत नाही, तो नैतिक निवाडा आहे. तर्क बिनतोड आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की उपाशी मुलाची भाकरी आणि शेठजींची दहावी मिठाई यांत तुलना करण्याची सोयच या चौकटीत उरली नाही.

मग ज्याला त्याला ‘तू समाधानी आहेस का’ असे विचारून भागेल का? अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात १९४४ सालच्या एका पाहणीकडे लक्ष वेधले आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतरचे ते वर्ष. कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने लोकांना प्रकृतीविषयी विचारले. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या फक्त २.५ टक्के! त्या काळातल्या विधवेच्या ताटात काय पडत असे हे आपल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारावे. त्यांची प्रकृती ठणठणीत नव्हती. कुरकुर करण्याचा हक्क आपल्याला आहे हेच त्यांना वाटत नव्हते. ज्याने मागणेच सोडले त्याची पसंती बाजारात कधी प्रकट होत नाही, आणि विचारले तर तो ‘बरं आहे’ म्हणतो. म्हणून सेन यांचा आग्रह असा की माणसाला प्रत्यक्षात काय करता येते, पोटभर खाता येते का, औषध मिळते का, शिकता येते का, हेही पाहिले पाहिजे.

सिंगूरचे हे दोन आकडे संत्र्यांच्या तक्त्याशेजारी फळ्यावर लिहावेत आणि असे का झाले असेल हे मुलांना सांगू द्यावे. मुली बहुधा आधी बोलतील. यासाठी वेळ कोठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. अपवादांची यादी घोकून घेण्यात जो अर्धा तास जातो, तो पुरतो.